पहाटे तीन वाजून वीस मिनिटं

बऱ्याच महिन्यांनी ब्लॉगवर येतोय. मध्ये दोनतीन जणांनी मेल करून "जिवंत आहेस का?" असं विचारलं, त्यांचे आभार. जिवंत आहे. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं, आणि जे घडलं ते लिहावंसं वाटत नव्हतं. आज ते लिहून टाकतो. हा ब्लॉग घरची मंडळीही वाचतात हे मला माहीत आहे, आणि त्यातल्या काहींच्या कानावर या गोष्टीचा अर्धा भाग गेलेला आहे (नेमका चुकीचा अर्धा). कॉम्प्युटरचं वावडं असलेल्यांनी मधले काही परिच्छेद ओलांडले तरी चालेल, पण शेवटापर्यंत या.

आमचं मूळ गाव लोणी भापकर, तालुका बारामती. बारामती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कॅनॉल आणि ऊस येतो. आमच्याकडे तसं काही नाही. तालुक्याचा आमचा भाग जिरायती. पाऊस झाला तर ज्वारी-बाजरी, नाही तर वरती बघत बसायचं. त्यामुळे दारातली गाय हाच खरा आधार. उसाचं बिल कधी यायचं तेव्हा येईल, दुधाचा पगार मात्र दर दहा दिवसांनी येतो. हो, पगारच म्हणतात. त्याच्यावर किराणा, पोरांची फी, दवाखाना सगळं चालतं.

माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, दूध संकलन केंद्र चालवतात. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या आणि कॅन घेऊन येतात, मशीनवर फॅट आणि एसएनएफ बघतात, पावती निघते. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याच्या खाली गेलं की पैसे कापले जातात. मग ज्याची फॅट कमी लागली तो म्हणणारच, की मशीन बघून घ्या एकदा. कुठल्याही गावातल्या कुठल्याही डेअरीवर हा संशय असतोच, आणि तो अगदीच अनाठायी असतो असंही नाही.

यावर उपाय म्हणून तीन वर्षांपूर्वी आबांच्या डोक्यात आलं की प्रत्येकाला त्याचा हिशेब मोबाईलवर दिसला पाहिजे. आपला कोड टाकायचा, रोजची फॅट, लिटर, दर, दहा दिवसांची बेरीज, सगळं उघड. मी पुण्यात हेच काम करून पोट भरतो, त्यामुळे ते माझ्या गळ्यात पडलं. मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये महिन्याच्या भाड्याने छोटा सर्व्हर घेतला, त्यावर अपाची बसवला, आणि पान चालू झालं. आबांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, बारामतीला कॉम्प्युटर शिकतो. पानावरचा मजकूर तो सांभाळतो, सर्व्हरच्या किल्ल्या माझ्याकडे.

लोकांना ते पान इतकं अंगवळणी पडेल असं मला वाटलं नव्हतं. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या बायाही नातवाला बसवून "बघ रं किती लागली" म्हणायला लागल्या. आबांच्या डेअरीवरची भांडणंही कमी झाली. याचा मला मनातून थोडा गर्व होता, हे कबूल करतो. पुढचं जे झालं त्यात या गर्वाचाही हात आहे.

तर झालं असं. २०२५ चा नोव्हेंबर, तेवीस तारखेचा रविवार. चंपाषष्ठी बुधवारी होती, घरात खंडोबाचे घट बसलेले, म्हणून मी शनिवारी रात्रीच गावी आलो होतो. सकाळी साडेसहाला आबांनी हलवून उठवलं.

"आरं, पान उघडंना झालंय. लोकं थांबल्यात."

त्या दिवशी अकरा ते वीस तारखेच्या दुधाचा पगार वाटायचा होता. डेअरीवर गेलो तर वीसेक माणसं. वजनकाटा चालू, फॅट मशीन चालू, पावत्या निघतायत, पण मोबाईलवर पान नाही. कनेक्शनच नाकारलं जात होतं. आणि गर्दीतून कुणीतरी अर्धवट हसत म्हणालंच, "पगाराच्याच दिवशी बंद पडलं व्हय आबा? हिशेब झाकायचा आसंल." लोक हसले. आबाही हसले. पण मी त्यांना लहानपणापासून बघतोय, ते हसणं मला कळलं.

लॅपटॉप काढला, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सर्व्हरमध्ये शिरलो. मशीन चालू होतं, अपाची बंद. चालू करायचा प्रयत्न केला, लगेच पडला. लॉग उघडला. शेवटच्या ओळी सर्टिफिकेटबद्दल होत्या, आणि अपाची बंद पडल्याची वेळ होती शनिवार, २१ वाजून ५० मिनिटं.

म्हणजे रात्री नऊ पन्नास. मी मान वर केली आणि पुतण्याला विचारलं, "काल रात्री सर्व्हरवर कोण गेलं होतं?"

तो बिचारा काटा धरून उभा होता. म्हणाला, "मी गेलो होतो काका. पावणेदहाला. आबांचा फोन नंबर बदलायचा होता पानावर."

पावणेदहाला हा आत शिरतो आणि नऊ पन्नासला सर्व्हर पडतो. यापेक्षा सरळ हिशेब कुठला? त्यात लॉगमधली पहिली तक्रार होती "बॅड एंड लाइन". सर्टिफिकेटची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. वर "इथून सुरू" अशी ओळ, मध्ये अक्षरांचा गोंधळ, खाली "इथे संपलं" अशी ओळ. अशी दोनतीन सर्टिफिकेटं एकाखाली एक चिकटवलेली असतात. पहिल्याची शेवटची ओळ आणि दुसऱ्याची पहिली ओळ एकमेकींना जोडून एकच झाली होती. मध्ये एन्टर नव्हतं. मला वाटलं, पोराने भलत्याच एडिटरमध्ये भलतीच फाइल उघडून सेव्ह केली.

मग मी बोललो. काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. "कळत नाही तिथे हात कशाला घालतोस" इथपासून सुरुवात झाली आणि "तुझ्या बापाची इज्जत पणाला लागलीय इथे" इथपर्यंत गेलो. वीस माणसांसमोर. तो एवढंच म्हणाला, "मी त्या फाइलला हात नाही लावला काका." मी म्हणालो, मग काय भूत आलं होतं? त्यावर तो गप्प झाला आणि पुढच्याचं दूध मोजायला लागला. कान लाल झालेले दिसत होते.

डेअरीत बसून काम होईना. जो येईल तो "झालं का?" विचारत होता. लॅपटॉप उचलून मल्लिकार्जुनाच्या देवळाकडे गेलो. बाहेरचे लोक आमच्या गावात येतात ते हे देऊळ, समोरची पुष्करिणी आणि यज्ञवराहाचं शिल्प बघायला. लहानपणी आम्ही त्या वराहाच्या अंगावरच्या कोरलेल्या आकृती मोजायचो आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा. पुष्करिणीच्या पायरीवर बसलो. सकाळी तिथे कुणी नसतं.

फाइलमध्ये हवं तिथे एन्टर मारलं, अपाची चालू केला. पुन्हा पडला. या वेळी तक्रार वेगळी होती, "की व्हॅल्यूज मिसमॅच".

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. तुम्ही ब्राउझरमध्ये कुलपाचं चित्र बघता, त्याच्यामागे दोन गोष्टी असतात. एक सर्टिफिकेट, जे जगाला दाखवायचं असतं. त्यावर संकेतस्थळाचं नाव, त्याची सार्वजनिक किल्ली आणि ज्याच्यावर ब्राउझरचा विश्वास आहे अशा संस्थेची सही असते. दुसरी खासगी किल्ली, जी सर्व्हरने कुणालाही दाखवायची नसते. ही दोन्ही एकाच जोडीतली असावी लागतात. नवं सर्टिफिकेट नव्या किल्लीवर बनवून घेतलं आणि सर्व्हरच्या खिशात जुनीच किल्ली राहिली, तर अपाची हट्टाने चालू होत नाही. होऊ नयेच. दारावर नवं कुलूप आणि जुडग्यात जुनी किल्ली, असा प्रकार. जोडी जुळते का हे तपासायचा सोपा मार्ग म्हणजे ओपनएसएसएलने दोन्ही फाइलींचं मॉड्युलस काढायचं आणि ताडून बघायचं. मी ताडून बघितलं. जुळत नव्हतं.

आणि तिथे माझ्या पोटात पहिल्यांदा गोळा आला. कारण सर्टिफिकेटं आणि खासगी किल्ल्या जिथे ठेवल्या आहेत त्या फोल्डरमध्ये पुतण्याला शिरताच येत नाही. तो फक्त पानाच्या फोल्डरपुरता आहे. हे बंधन मीच घातलं होतं, आणि घातल्यावर त्याला दोन वाक्यांचं व्याख्यानही दिलं होतं. मग मघाशी ओरडताना हे आठवलं का नाही? रागात माणसाला जे सोयीचं तेवढंच आठवतं, दुसरं काय.

फाइलींच्या तारखा बघितल्या. सर्टिफिकेटची फाइल आणि कॉन्फिगरेशन, दोन्ही बुधवारी १९ तारखेला, १६ वाजून १२ मिनिटांनी बदललेल्या. बुधवारी दुपारी सव्वाचारला मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो, मी कशाला तिथे जातोय? क्षणभर खरंच वाटलं की कुणी तरी बाहेरचा घुसला. मग पुतण्याच्या शनिवारच्या लॉगिनची नोंद काढली. ती होती १६ वाजून १५ मिनिटांची.

पण तो तर पावणेदहा म्हणाला होता.

मंडळी, सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर होतं. ग्रिनिचची वेळ. भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे. १६:१५ म्हणजे आपले रात्रीचे पावणेदहा, पोरगं बरोबर बोललं होतं. १६:१२ म्हणजे बुधवारी रात्रीचे नऊ बेचाळीस. आणि सर्व्हर पडला ते २१:५० म्हणजे शनिवारी रात्री नव्हे, रविवारी पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी. तेव्हा पुतण्या झोपला होता. मीही झोपलो होतो, त्याच्याच शेजारच्या खाटेवर.

पंधरा वर्षं हे काम करतोय मी. यूटीसीचं घड्याळ मीच लावलं होतं.

मग बुधवार आठवला. वर्षाचं विकतचं सर्टिफिकेट पाच डिसेंबरला संपणार होतं. (लेट्स एन्क्रिप्टचं २०१५ पासून फुकट मिळतं, तेही आपोआप नवं होणारं, मग विकतचं कशाला, हा प्रश्न कृपया विचारू नका. आळस आणि सवय.) नवी किल्ली बनवली, नवं सर्टिफिकेट आलं, विकणाऱ्याने मेलमध्ये दोन फाइली पाठवल्या होत्या त्या एकत्र जोडल्या. पहिल्या फाइलीच्या शेवटी एन्टर नव्हतं, ते बघितलं नाही. कॉन्फिगरेशनमध्ये दोन ओळी बदलायच्या होत्या, एक सर्टिफिकेटची आणि एक किल्लीची. पहिली बदलली आणि आतून हाक आली, पान वाढलंय. उठता उठता कॉन्फिगरेशन तपासायची आज्ञा दिली. उत्तर आलं, "सिंटॅक्स ओके". मी समाधानाने जेवायला गेलो.

आता या "सिंटॅक्स ओके"ची गंमत ऐका, आमच्या धंद्यातल्या ब्लॉगर मित्रांना उपयोगी पडेल. अपाचीची ही तपासणी फक्त व्याकरण बघते. शब्द बरोबर आहेत का, सांगितलेल्या फाइली जागेवर आहेत का. किल्ली आणि सर्टिफिकेट एकमेकांचे आहेत का हे ती बघतच नाही, ते प्रत्यक्ष चालू होताना बघितलं जातं. म्हणजे अर्जात शुद्धलेखनाची एकही चूक नाही, फक्त गट नंबर दुसऱ्याच्या जमिनीचा आहे, आणि खिडकीवरचा माणूस म्हणतोय "छान भरलाय". एनजिनएक्स यात बरा, त्याच्या तपासणीत ही चूक सापडते. पण हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. भूक लागली होती.

संध्याकाळच्या दुधाच्या नोंदी रात्री दहापर्यंत वर चढत असतात, त्या तुटू नयेत म्हणून रीस्टार्ट झोपताना करू असं ठरवलं होतं. राहिलं. गुरुवारी सकाळी पान उघडलं, कुलूप दिसलं, मी मनात म्हटलं चला, झालं. ते कुलूप जुन्या सर्टिफिकेटचं होतं. चालू असलेला अपाची सुरू होताना वाचलेलं सगळं डोक्यात धरून बसतो. मागे फाइली बदला, पुसा, त्याला पत्ता नसतो. कुलपावर एक क्लिक करून तारीख बघितली असती तर कळलं असतं. पाच सेकंदांचं काम.

असे चार दिवस गेले. पान चालत होतं, लोक फॅट बघत होते, आणि आतमध्ये चूक तयार होऊन बसली होती. दर आठवड्याला लॉगची जुनी वही बाजूला ठेवून नवी उघडायचं एक काम मी लावून ठेवलेलं आहे. सकाळच्या दुधाला त्रास नको म्हणून विचारपूर्वक पहाटे तीन-वीसची वेळ दिली होती. नवी वही घेताना अपाचीला सांगावं लागतं की सगळं पुन्हा एकदा वाच. त्याने वाचलं. आणि पडला.

मोठमोठ्यांचंही सर्टिफिकेटपायी असं होतं, म्हणून मी स्वतःला समजावायचा प्रयत्न केला. २०१८ च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये ओटू कंपनीचं मोबाईल इंटरनेट जवळजवळ दिवसभर बंद पडलं, कारण एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या एका सर्टिफिकेटची मुदत संपली. २०१९ च्या मे महिन्यात फायरफॉक्सची ॲड-ऑन्स जगभर एकदम बंद झाली, तेही तसंच. पण तिथे मुदत संपली होती. माझं सर्टिफिकेट तर ताजं, चार दिवसांचं होतं. शिवाय त्यांनी वीस माणसांसमोर कुणाच्या पोराला झापलं असल्याचं ऐकिवात नाही.

दुसरी ओळ बदलली. अपाची चालू झाला. आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. पान उघडलं, या वेळी तारीखही बघितली. डेअरीवर परत आलो तोवर बरेचसे लोक पगार घेऊन गेले होते, पुतण्या कॅन टेम्पोत चढवून शेताकडे निघून गेला होता. आबांनी विचारलं, "काय झालतं रं?" मी म्हणालो, "सर्टिफिकेटचा घोळ होता, झालं नीट." एवढंच. तीन शब्द अजून जोडायचे होते, "माझी चूक होती." ते बाहेर आले नाहीत.

दुपारी तो जेवायला आल्यावर माडीवर गाठला आणि सगळं सांगितलं. घड्याळाचं, किल्लीचं, बुधवारचं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "असू द्या काका," म्हणाला. मला हलकं वाटलं. पोरगं समजूतदार आहे, मिटलं, असं म्हणून मी खाली आलो.

मिटलं नव्हतं. रात्री भाकरी थापता थापता वहिनी म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "भावजी, ओरडलात चारचौघांत. सांगितलंत माडीवर."

बस, एवढंच बोलल्या. भाकरी तव्यावर टाकली.

मी सोमवारी सकाळी पुण्याला निघणार होतो. निघालो नाही, ऑफिसला रजा कळवली. सहाला डेअरीवर गेलो. तीच माणसं, तेच कॅन. काय बोलायचं ते रात्रभर जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य तोंडातून आलं नाही. म्हणालो, "काल पान बंद पडलं ते माझ्यामुळं. बुधवारी मी काम अर्धवट टाकून जेवायला बसलो. याचा काही संबंध नव्हता, मी उगाच बोललो याला." सर्टिफिकेट काय, किल्ली काय, कुणाला कळणार होतं? एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी फॅट बराबर हाय ना?" सगळे हसले. मीही हसलो. पुतण्या काट्याकडेच बघत होता, पण कालसारखा नाही.

त्या दिवशी आम्ही दोघांनी बसून सर्व्हर नव्याने लावला. लेट्स एन्क्रिप्टवर नेला, नूतनीकरण आपोआप, आणि नूतनीकरण झालं की अपाचीला आपोआप निरोप. हाताने करत बसायचे दिवस तसेही संपत आले आहेत. २०२० च्या सप्टेंबरपासून सर्टिफिकेट जास्तीत जास्त ३९८ दिवसांचं मिळायचं. २०२५ च्या एप्रिलमध्ये ठरलं की मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि २०२९ पासून ४७. म्हणजे माझ्यासारखा माणूस वर्षातून आठ वेळा जेवायला उठणार. रोज सकाळी साडेपाचला सर्टिफिकेटची तारीख बाहेरून तपासून मेसेज पाठवणारी चार ओळींची स्क्रिप्ट पुतण्याने लिहिली. मेसेज आम्हा दोघांना येतो.

मुख्य पासवर्डही मी त्याला कागदावर लिहून दिला. त्याने दोनदा वाचला आणि कागद चुलीत टाकला. मी म्हटलं, आधी ते घड्याळ तेवढं भारतीय वेळेवर आणू या.

"राहू द्या काका," तो म्हणाला. "सर्व्हर यूटीसीवरच बरा असतो. मी शेजारी कागद चिकटवलाय."

डेअरीतल्या फॅट मशीनच्या वर, रेट चार्टच्या शेजारी, तो कागद अजून आहे. स्केचपेनने लिहिलंय, अधिक साडेपाच तास. दूध घालायला येणारे लोक विचारतात, हे कशाचं आहे म्हणून.